‘आदींनी परिश्रम घेतले’ : एक मीमांसा

तालुक्याच्या पानावर कॉलेजच्या गॅदरिंगची बातमी आली आहे हे ओळखायला मथळा वाचावा लागत नाही. शेवटचं वाक्य पुरतं. ‘कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी’ असं ते सुरू होतं, मग प्राचार्यांपासून शिक्षकेतर कर्मचाऱ्यांपर्यंत पदांची उतरंड लागते आणि ‘आदींनी परिश्रम घेतले’ असं म्हणून बातमी डोळे मिटते. या वाक्यातल्या बाकी सगळ्या पदांवर पुष्कळ लिहून झालं आहे. प्राचार्यांवर गौरवग्रंथ निघतात, प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देण्यात अर्धा कार्यक्रम जातो, ग्रंथपालांवर ग्रंथालयशास्त्रात निदान एक प्रकरण तरी असतं. ‘आदी’ या पदावर मात्र साधं टिपणही कुणी काढलेलं नाही. ही उणीव भरून काढण्याचा अधिकार माझ्याकडे आहे, कारण १९९६ ते १९९९ अशी तीन वर्षं मी अक्कलकोटात स्वतः आदी होतो.

पहिला प्रश्न व्याख्येचा. ‘वार्ताहराला ज्यांची नावं मिळाली नाहीत ते आदी’ अशी व्याख्या चटकन सुचते, पण तिच्यात अतिव्याप्तीचा दोष आहे. मांडववाला, त्याचा टेम्पो आणि माइकची वायर ओलांडून आत आलेली गाय हीसुद्धा तिच्यात बसतात. बरं, ‘ज्यांनी परिश्रम घेतले ते आदी’ म्हणावं, तर वाक्यात आधी आलेले सगळेच आदीत मोडतात, आणि त्याला प्रत्यक्ष प्रमाण मिळत नाही. बऱ्याच विचारांती मी सिद्ध केलेली व्याख्या अशी : जो कार्यक्रमाआधी येतो, कार्यक्रमानंतर जातो आणि कार्यक्रमात दिसत नाही, तो आदी. ‘आधी’चंच ‘आदी’ झालं असावं, असा माझा कयास आहे. ‘ध’चा ‘द’ असा सहजी होत नाही, असं भाषाशास्त्राचे लोक म्हणतात. म्हणोत. सकाळी सहाला हॉलचं कुलूप उघडताना बाहेर कोण उभं असतं, हे त्यांनी पाहिलेलं नाही.

आदीला समानार्थी म्हणून दिले जाणारे शब्द मुळीच समानार्थी नाहीत. ‘प्रभृती’ हा मान दिवंगत कवींचा आणि समीक्षकांचा. ‘इत्यादी’ परीक्षेतल्या उत्तरात शोभतं, चौथा मुद्दा आठवत नसला की. ‘वगैरे’ अरबीतून आलेलं, ते निर्जीव वस्तूंना : खुर्च्या, सतरंज्या वगैरे. या वस्तू जिथे वगैरे होतात तिथे त्या उचलणारा आदी होतो, एवढीच त्याची बढती. समोरच्या टोकाला ‘मान्यवर’. मान्यवर आणि आदी यांच्यामध्ये एक तीन फुटी स्टेज असतं आणि ते आदींनीच बांधलेलं असतं.

‘परिश्रम घेतले’ हे क्रियापदही जरा थांबून पाहण्यासारखं आहे. मराठीत माणूस औषध घेतो, रजा घेतो, हरकत घेतो. परिश्रम ‘केले’ म्हटलं असतं तर निदान काहीतरी केल्याचं समाधान लाभलं असतं. ‘घेतले’ म्हटल्यावर कुणीतरी ते देत होतं असा ध्वनी निघतो, आणि तो खरा आहे. देणारे आमचे सांस्कृतिक विभागाचे सर होते. मान्यवर सत्कार घेतात, आदी परिश्रम घेतात. व्यवहार एकूण घेण्याचाच.

आता प्रत्यक्ष क्षेत्राकडे वळू. आदीशास्त्राची दोन मुख्य अंगं : खुर्चीवहन आणि सतरंजीघडी. खुर्चीवहनावर फार बोलण्यासारखं नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाठीमागे मांडववाल्याच्या नावाची दोन अक्षरं रंगाने काढलेली. पहिल्या वर्षाचा मुलगा दोन नेतो, एकेका हातात. दुसऱ्या वर्षाचा चार. तिसऱ्या वर्षाचा सहा एकात एक घालून डोक्यावर उपड्या घेतो आणि त्या अवस्थेत मुलींच्या घोळक्याजवळून जाताना दिशा चुकतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर खालच्या खुर्चीची पाठ असते. खुर्च्या नेताना मागून आवाज यायचा, ‘किती आणलास बे?’ सोलापुराकडच्या ‘बे’वर पुढे यायचं आहे.

सतरंजीघडी हा मात्र गहन विषय. कॉलेजची सतरंजी चौघांनी घडी करायची असते. चार टोकांना चौघं. दोघं जागेवर उभे राहतात, दोघं चालत येऊन आपली टोकं त्यांच्या हातात देतात, मग खाली लोंबणारी दुमड उचलतात आणि पुन्हा मागे जातात. हे इतक्या गंभीरपणे चालतं की लांबून पाहणाऱ्याला एखादा विधी वाटावा. मध्ये एकदा झटकावी लागते. झटकली की आतून शेंगांची फोलपटं, एक केसाची पिन, पाहुण्यांच्या भाषणात कुणीतरी बोटाने बारीक केलेली निमंत्रणपत्रिका, आणि दरवर्षी न चुकता एकच चप्पल पडते. दुसरी कधीच सापडत नाही. एका पायात चप्पल नाही हे त्या माणसाला घरी पोहोचेपर्यंत कळत कसं नाही, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. चौघांपैकी एकाने टोक लवकर सोडलं तर सगळी धूळ समोरच्याच्या तोंडात जाते. मैत्री टिकणार की नाही हे तिथे कळतं. माझ्या तीन टोकांपैकी दोघांशी माझा आजही संबंध आहे.

सत्काराच्या सामानाची जबाबदारीही आदींवरच. सोलापूर जिल्ह्यात सत्काराला शाल असते, पण टॉवेल ही आमची खासियत. जिल्ह्याच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे आमच्याकडे पाहुण्याच्या खांद्यावर जे पडतं त्याला कायद्याचा आधार असतो. अडचण संख्येची. पत्रिकेवर पाच मान्यवर, गाडीतून उतरतात आठ. सोलापूरहून इथवर सुमारे ४० किलोमीटर, आणि या ४० किलोमीटरमध्ये मान्यवर वाढतात हे मी तिन्ही वर्षं मोजलं आहे. मग एक आदी सायकलवरून धावतो. इतर गावांत या वेळी कठीण प्रसंग ओढवला असता. अक्कलकोटात नारळ कमी पडला म्हणून सत्कार अडत नाही. स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराच्या वाटेवर नारळांच्या राशीच असतात. मागे एकदा मी आणलेल्या तीन नारळांबरोबर दुकानदाराने सवयीने हार, उदबत्ती आणि पेढ्याची पुडीही बांधून दिली. ते सगळंच पाहुण्यांना देण्यात आलं. पाहुणे गहिवरले.

‘देण्यात आलं’ हा प्रयोग मी मुद्दाम केला. आदी दिसेनासा होण्यामागे व्याकरणाचा मोठा हात आहे. कॉलेजच्या अहवालात खुर्च्या ‘लावण्यात आल्या’ असतात, रांगोळी ‘काढण्यात आली’, परिसर ‘स्वच्छ करण्यात आला’. कर्ता तृतीयेतसुद्धा शिल्लक राहत नाही. पाणिनीला कर्त्याचा लोप करण्यासाठी सूत्रं लागली असती, आमच्या अहवाल समितीला दुपारचा एक चहा पुरतो.

ज्यांनी पैसा आणि जमीन दिली त्यांची नावं मात्र राहतात, आणि ते रास्तच आहे. गावातल्या जुन्या महाविद्यालयाचं पूर्ण नाव सी. बी. खेडगी यांचे बसवेश्वर सायन्स, राजा विजयसिंह कॉमर्स आणि राजा जयसिंह आर्ट्स कॉलेज. एका दानशूर व्यापारी घराण्याचं नाव, एक संत, दोन राजे आणि तीन शाखा एका पाटीवर. गाव त्याला खेडगी कॉलेज म्हणतं. एवढं नाव बॅनरवर बसवताना रंगारी खालची ओळ बारीक करतो, आणि आदींचा उल्लेख करायचाच ठरला तरी जागा उरलेली नसते, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं.

वास्तविक आदीचं महत्त्व अक्कलकोटला कुणी शिकवायला नको. हे संस्थानच एका आदीपासून निघालं. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत येत असताना वाटेत पारद गावी लढाई झाली. तिथले पाटील सयाजी लोखंडे पडले. त्यांच्या बायकोने आपलं पोर, राणोजी, शाहूंच्या पायावर घातलं. शाहूंनी त्याला पदरात घेतलं, विजयाची आठवण म्हणून फत्तेसिंह नाव दिलं आणि भोसले आडनाव दिलं. अक्कलकोटचं राजघराणं ते हेच. बखरीत त्या दिवशी पडलेल्या इतरांना काय म्हटलं असेल, हे वाचकांनी ताडलं असेलच.

आधुनिक काळात आदीला मोजायचे प्रयत्न झाले. त्यातला पहिला मोठा प्रयत्न २४ सप्टेंबर १९६९ चा. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे, आठ आऱ्यांचं. आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास. अर्थ असा की स्वयंसेवक चोवीस तास सेवेला हजर. नियमात मात्र दोन वर्षांत २४० तास लिहिले आहेत. हिशेब केला तर दिवसाला वीस मिनिटंसुद्धा पुरी पडत नाहीत. बिल्ला आणि नियम यांच्यातल्या या तफावतीवर मी शिबिरात प्रश्न विचारला होता. उत्तर म्हणून मला खड्डा खणायला पाठवण्यात आलं. श्रमसंस्कार शिबिर सात दिवसांचं असतं. माझा संस्कार पहिल्याच दिवशी आटोपला.

दुसरा प्रयत्न १९९४ चा, आणि तो दुहेरी. त्या वर्षी महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला, आणि त्याच वर्षी कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅकही जन्माला आली. कायद्याने कॉलेजच्या खुल्या निवडणुका बंद केल्या. आधीच्या काळात निवडणुकांपायी झालेल्या हाणामाऱ्या पाहता ते समजण्यासारखं होतं. पण तोडगा असा निघाला की मागच्या परीक्षेत ज्याला सर्वांत जास्त गुण तो वर्गाचा प्रतिनिधी. म्हणजे अख्ख्या वर्गात ज्याला या भानगडीत पडायची सर्वांत कमी इच्छा, तो सी.आर. आमचा सी.आर. अतिशय सज्जन मुलगा होता. गॅदरिंगच्या पहिल्या बैठकीला त्याने एकच ठराव मांडला : मला अभ्यास आहे, मी जाऊ का? ठराव एकमताने मंजूर झाला. पुढे २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणायचं ठरवलं, २०१९ मध्ये वेळापत्रक निघालं आणि पुढे ढकललं गेलं. सतरंज्या तेवढ्या काळात कुणी ना कुणी उचलतच होतं.

नॅकचं योगदान वेगळं. तिच्या सात निकषांपैकी पाचवा विद्यार्थ्यांचा. त्यात विद्यार्थ्यांचा सहभाग दाखवायचा, आणि दाखवायचा म्हणजे पुराव्यानिशी, फोटोवर अक्षांश-रेखांशासकट. त्यामुळे अलीकडच्या प्रत्येक वृक्षारोपणाच्या फोटोत खाली एक छोटा नकाशा आणि आकडे असतात : १७ अंश ३१ मिनिटं उत्तर, ७६ अंश १२ मिनिटं पूर्व, अक्कलकोट. एक रोप, त्याला अकरा हात. अकराही हात मान्यवरांचे. खड्डा खणणारा त्यात कुठेच नाही म्हणून एका तरुण प्राध्यापकांनी माझ्यापाशी हळहळ व्यक्त केली. मी त्यांच्या एक गोष्ट लक्षात आणून दिली. फोटो काढत होतं कोण? तोच, खड्डावाला, हात झटकून. आणि ते अक्षांश-रेखांश मोबाइलच्या जागेचे असतात, रोपाच्या नव्हे. भारत सरकारच्या दप्तरात त्या दिवशी ज्याची जागा पक्की नोंदली गेली असा एकच मनुष्य तिथे होता. प्राध्यापक बराच वेळ गप्प होते.

आता नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामांना ‘श्रेयांक’ मिळतात. शब्द सुरेख आहे. श्रेय द्यायचं, पण अंकांत. प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक. मोठ्या सतरंजीच्या घडीला, झटकणं धरून, चार मिनिटं लागतात. एका श्रेयांकाला ४५० घड्या पडतात. एवढ्या सतरंज्या तालुक्यात आहेत का, हे पाहायला हवं.

तुलनेसाठी दोन ठिकाणं पाहिली पाहिजेत. एक पुण्यातलं. तिथे १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका होतात, भरत नाट्य मंदिरात, आणि ‘अरे आवाज कुणाचा’ या प्रश्नाचं उत्तर कॉलेजचं नाव घेऊन छप्पर उडेल इतक्या जोरात दिलं जातं. २०२२ साली परीक्षकांनी करंडकाला पात्र असं कुणीच नाही म्हणून तो दिलाच नाही. महाराष्ट्रभर खळबळ उडाली. बाजूने आणि विरुद्ध लेख आले. मला त्या घटनेत कौतुक वाटलं ते याचं, की न मिळाल्याची एवढी चर्चा व्हावी इतका तो मान घट्ट होता. आमच्याकडे प्रमाणपत्र सगळ्यांनाच मिळतं, त्यामुळे न मिळाल्याचं दुःख कुणाला भोगताच येत नाही.

दुसरं ठिकाण सातारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ ही तिथली ओळखच झाली. तिथला मुलगा श्रम घेत नसे, करत असे, आणि त्याची मजुरी त्याच्या शिक्षणाला लागत असे. रयतचं बोधचिन्ह वटवृक्ष. अक्कलकोटचं मंदिरही वटवृक्षाचं. हा निव्वळ योगायोग आहे, पण प्रबंधात योगायोगाला संबंध म्हणतात.

प्रमाणपत्रावर दोन शब्द. माझ्याकडे तीन आहेत. ‘श्री./कु.’ असं छापलेलं, त्यातलं एक खोडायचं राहिलेलं. पुढे टिंबांची ओळ, तिच्यावर निळ्या शाईने नाव, आणि मग ‘यांनी सक्रिय सहभाग नोंदवला’. माझ्या आडनावात एक कानडी वळणाचा ‘ळ’ आहे. तिन्ही वर्षी त्याचा ‘ल’ झाला. कायद्याच्या दृष्टीने पाहिलं तर ज्या मनुष्याने त्या तीन गॅदरिंगांत सक्रिय सहभाग नोंदवला, तो मला आजवर भेटलेला नाही. भेटला तर त्याला त्याची लॅमिनेशन केलेली प्रमाणपत्रं परत करायची आहेत.

अक्कलकोटातच दुसरीकडे असल्या कागदाचा प्रश्नच येत नाही. १९८८ पासून अन्नछत्र आहे. पंगत उठते, दुसरी बसते. वाढणाऱ्यांत कुणी इंजिनिअर असतो, कुणी दुकानदार, कुणी सुट्टीवर आलेला शिक्षक, आणि सगळे एका नावाने ओळखले जातात : सेवेकरी. आमटीची बादली घेऊन चालताना ते ‘आमटी, आमटी’ म्हणतात, स्वतःचं नाव सांगत नाहीत. गुरुपौर्णिमेला आमच्यातले चौघं-पाच जण तिथे वाढायला जायचो. तिथे आम्हाला एकदाही वाटलं नाही की आपल्याला आदी केलं. कॉलेजात वाटायचं. फरक कशाचा, यावर माझं संशोधन अडलेलं आहे. एक तात्पुरतं अनुमान असं की अन्नछत्रात स्टेज नाही.

घरची प्रतिक्रिया ही साधनसामग्रीत धरावी की नाही, याबद्दल मतभेद होतील. मी धरतो. पहिल्या वर्षी बातमी आली तेव्हा मी पेपर घरी नेला. आईने चष्मा लावला आणि बोट ठेवून शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

‘ह्यात तुझं नाव कुठाय रे?’

मी ‘आदी’वर बोट ठेवलं.

‘आदी म्हंजे तूच होय?’

‘मी पण.’

तिने कात्रीने तेवढी बातमी कापली आणि पिठाच्या डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूने चिकटवली. रोज डबा उघडला की आदी दिसायचे. शेजारच्या काकूंना तिने सांगितल्याचं मी ऐकलं आहे, की पेपरात आलंय, प्राचार्यांच्या खालोखाल.

राहता राहिला ‘बे’. सोलापुरी मराठीत ‘बे’ हे प्रेम, राग, आज्ञा आणि विरामचिन्ह अशा चारही कामी येतं. उलट टोकाला कानडीतली ‘री’. सीमेवरच्या आमच्या गावात दोन्ही एकाच तोंडातून निघतात. ‘री’ लावली की माणूस आदराचा. आमच्या कॉलेजात एक शिपाई होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. हॉलची किल्ली त्यांच्याकडे. तीन वर्षांत त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. ‘ए बे, माइक काढ’, ‘ए बे, ती खुर्ची मोडकी हाय’. ‘री’ ते प्राचार्यांसाठी आणि कधी कधी बँकेच्या साहेबांसाठी राखून ठेवत. विद्यार्थ्याला ‘री’ लावल्याचं एकही उदाहरण माझ्या नोंदींत नव्हतं.

शेवटच्या वर्षी गॅदरिंग संपलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. पाहुणे सोलापूरला गेले होते, फिशपाँड वाचणारे घरी गेले होते, ज्याच्यावर फिशपाँड पडला तो रुसून आधीच गेला होता. आम्ही चौघं शेवटची सतरंजी घडी करत होतो. अण्णा दाराशी किल्ल्या हातात घेऊन उभे. घडी झाली, ती भिंतीशी रचली, मी हात झटकले. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले,

‘ऊटा आतेन्री?’

जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. पण शेवटी ‘री’ होती. मी मागे वळून पाहिलं, मागे प्राचार्य उभे असतील म्हणून. कुणी नव्हतं.

‘इल्लरी,’ मी म्हटलं.

अण्णांनी कोपऱ्यातला डबा आणला. आम्ही पाचही जण सतरंजीच्या घडीवर बसलो. कडक भाकरी मोडल्याचा आवाज रिकाम्या हॉलमध्ये मोठा आला. डब्याचं झाकण उलटं करून त्यांनी त्यात शेंगाचटणी काढली, कांदा बुक्कीने फोडला. कुणी काही बोललं नाही. खाऊन झाल्यावर त्यांनी हात धुतले, दिवे मालवले, कुलूप लावलं आणि ते ओढून बघितलं. मग जाता जाता म्हणाले,

‘उद्या खुर्च्या मोजून द्यायच्या हायत. सहाला या बे.’

‘या’ आणि ‘बे’ एकत्र. असा प्रयोग कोणत्याही व्याकरणात नाही. मी सहाला गेलो. मोजल्या. चार कमी भरल्या.